आधी कपात कोणाची?

इंद्रायणीच्या काठी, पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत, वारकऱ्यांना टाळगाव म्हणून ठाऊक असलेले चिखली हे गाव आहे. या गावात आज दिवसाला १० कोटी लिटर पाणी शुद्ध करण्याच्या क्षमतेचे केंद्र उभे आहे. आंद्रा धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातून वाहत निघोजे येथील बंधाऱ्यापर्यंत येते, तेथे ते उचलले जाते, चिखलीत शुद्ध होते आणि शहराच्या नळांत जाते. यापलीकडे भामा आसखेड धरणातील रोजचे १६ कोटी ७० लाख लिटर पाणीही या शहरासाठी राखून ठेवण्यात आलेले आहे.

शहरातील तहानलेल्या वस्त्यांना पाणी मिळावे, याबद्दल कोणाही समाजवाद्याच्या मनात दुमत असण्याचे कारण नाही. परंतु हे पाणी आकाशातून नव्याने पडलेले नाही. पाऊस तेवढाच आहे, धरणे तेवढीच आहेत. एका ठिकाणी जे वाढले ते दुसऱ्या ठिकाणी कमी झाले पाहिजे, हा साधा हिशेब आहे. नदीकाठी ज्यांच्या मोटारी आहेत, ज्यांच्या हाती पाटबंधारे खात्याचा उपसा परवाना आहे, तो मावळ आणि खेड तालुक्यांतील शेतकरी आज हाच हिशेब मनाशी मांडतो आहे. पुढच्या वर्षी परवान्याचे नूतनीकरण होईल काय? झालेच तर किती क्षेत्राचे होईल? आणि परवाना कायम राहिला तरी नदीत पाणी असेल काय?

परवान्यांत कपात होणार, हे आता धरून चालले पाहिजे. जो शेतकरी-कार्यकर्ता आजही 'एक थेंबही देणार नाही' एवढेच म्हणून थांबतो, तो आपल्या माणसांना अंधारात ठेवतो. खरा प्रश्न हा आहे की, कपात आधी कोणाची व्हावी, किती व्हावी आणि तिचे नियोजन कोणी करावे? कारण टंचाईच्या वर्षी कपातीचा क्रम जो ठरवितो, तोच पाण्याचा खरा मालक असतो. कागदावर मालकी कोणाचीही असो.

परवाना म्हणजे काय?

पवना धरणाचा विचार केला तर या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. १९७२च्या सुमारास पूर्ण झालेल्या या धरणाला शेतीसाठी लांबलचक कालव्यांचे जाळे नाही. पाणी नदीत सोडले जाते, काठावरचे शेतकरी ते मोटारीने उचलतात, आणि खाली रावेतच्या बंधाऱ्यावर महापालिका व औद्योगिक विकास महामंडळ आपापल्या वाट्याचे पाणी उचलतात. म्हणजे शेतकऱ्याचा पाट आणि शहराची वाहिनी हे दोन्ही एकच आहेत, आणि ते म्हणजे नदीचे पात्र. शहरासाठी सोडलेले पाणी वाहते म्हणून शेतकऱ्याच्या मोटारीच्या तोंडाशी पाणी राहते. आंद्रा आणि इंद्रायणी यांच्या काठीही आज हीच व्यवस्था आहे.

या व्यवस्थेत दोघांच्या हक्काचे स्वरूप मात्र समान नाही. शहराच्या आणि कारखान्यांच्या पाण्याचे वार्षिक आरक्षण असते, ते घनमीटरांत लिहिलेले असते, आणि त्यासाठी करार असतो. शेतकऱ्याच्या परवान्यावर क्षेत्र असते, मोटारीची अश्वशक्ती असते, पिकाचे नाव असते, आणि त्या सर्वांवर 'पाणी उपलब्ध असल्यास' ही एक अट असते. पाऊस भरपूर झाला की या अटीकडे कोणी पाहत नाही. पाऊस कमी झाला की सगळा परवाना त्या अटीतच मावतो. मग उपसाबंदीचा आदेश निघतो, नदीकाठच्या मोटारींची वीज तोडली जाते, आणि फुलोऱ्यात आलेला गहू किंवा वाढीला लागलेला भाजीपाला डोळ्यांदेखत वाळतो. कपातीचे नियोजन म्हणतात ते आपल्याकडे बहुधा एवढेच असते. विजेच्या खांबावर चढलेला एक वायरमन.

या आदेशाला विरोध करणारा शेतकरी पाण्याच्या कमतरतेवर रागावलेला नसतो. कमतरता त्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेली आहे. पेरणीच्या आधी जे सांगता आले असते ते पीक उभे राहिल्यावर सांगितले, याचा तो राग असतो. ऑक्टोबरात धरणात किती साठा आहे हे खात्याला ठाऊक असते. त्यातून शहराला किती, कारखान्यांना किती, बाष्पीभवनात किती, याचाही हिशेब झालेला असतो. शिल्लक किती राहते आणि ती कोणत्या गावापर्यंत किती पाळ्यांना पुरेल, एवढे मात्र नदीकाठच्या माणसाला कोणी सांगत नाही. आणि मग त्याने बेजबाबदारपणे बारमाही पीक लावले म्हणून त्यालाच दोष दिला जातो.

क्रांतिदिनाचा धडा

या भागात पाण्याच्या प्रश्नाला रक्ताचा इतिहास आहे. पवना धरणातून निगडीपर्यंत बंद जलवाहिनी टाकण्याची योजना २००८ साली केंद्राच्या नागरी नूतनीकरण अभियानातून पुढे आली. पाणी बंद नळातून गेले की नदीत ते वाहणार नाही, आणि नदीत वाहिले नाही की परवाना हा नुसता कागद उरतो, हे मावळच्या शेतकऱ्याला कोणत्याही तज्ज्ञाने शिकवावे लागले नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, मावळातील शेतकऱ्यांनी बऊरजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग रोखला. पोलिसांनी गोळीबार केला. दोन पुरुष आणि एक स्त्री, असे तीन शेतकरी मृत्यू पावले. योजनेचे काम थांबले. पुढे बारा वर्षांनी, २०२३मध्ये, शासनाने त्यावरील स्थगिती उठविली आणि मावळातून विरोधाचा सूर पुन्हा उमटला.

या बारा वर्षांत काय व्हायला हवे होते? धरणापासून रावेतपर्यंत किती परवाने आहेत, त्यांवर किती क्षेत्र भिजते, नदीत किमान किती प्रवाह राहिला पाहिजे, कपात करावी लागली तर ती कोणत्या क्रमाने करायची, याचा आराखडा शेतकऱ्यांसमवेत बसून तयार व्हायला हवा होता. तीन माणसांच्या मृत्यूनंतर शासनाने निदान एवढे देणे लागत होते. त्याऐवजी एका पक्षाचे सरकार गेले, दुसऱ्याचे आले. विरोधात असताना जे रस्त्यावर होते ते सत्तेत बसले आणि जे सत्तेत होते ते निवेदने देऊ लागले. नळाची फाईल तेवढी जागेवर राहिली.

आणि हा धडाही नवा नाही. याच जिल्ह्यात १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापट यांच्या समवेत टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. सह्याद्रीच्या माथ्यावरील त्या धरणांत अडविलेले भीमा खोऱ्यातील पाणी वीज निर्माण करून आजही कोकणात उतरते. तेव्हा मुंबईच्या गिरण्यांची गरज सांगितली गेली, आज वाहनांच्या कारखान्यांची आणि गृहसंकुलांची सांगितली जाते. गरजा बदलल्या, पण त्याग कोणी करायचा याचे उत्तर शंभर वर्षांत बदललेले नाही.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात या विषयावर कायदे नाहीत असे नव्हे. आहेत, आणि त्यांतील काही तरतुदी चांगल्या आहेत. म्हणूनच त्यांचा उल्लेख सत्ताधाऱ्यांच्या भाषणांत क्वचित येतो.

२००३च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि त्यानंतर शेती असा क्रम होता. मे २०११मध्ये मंत्रिमंडळाने तो बदलला आणि शेतीला दुसरे, उद्योगाला तिसरे स्थान दिले. तीनच महिन्यांनी मावळात गोळीबार झाला. कागदावरचा क्रम आणि नदीकाठचा क्रम यांतील अंतर मोजायला याहून अधिक काही नको.

२००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. पाणीवाटपाचे निर्णय मंत्रालयातील बंद खोलीतून काढून एका नियामक संस्थेकडे द्यायचे, हा त्यामागचा सांगितलेला हेतू. पण त्यानंतरही मंत्र्यांच्या उच्चाधिकार समितीने धरणांतील पाणी शेतीकडून शहरांकडे आणि उद्योगांकडे वळविण्याचे निर्णय घेणे चालूच ठेवले. त्यावर आक्षेप आला तेव्हा २०११ साली कायदाच दुरुस्त करण्यात आला. कोणत्या क्षेत्राला किती पाणी द्यायचे हे ठरविण्याचा अधिकार मंत्रिमंडळाने आपल्याकडे घेतला आणि झालेल्या निर्णयांवर कायद्याचे पांघरूण घातले. नियामकाला नियमन करू द्यायचे नाही, असाच याचा अर्थ होतो.

तरीही त्याच कायद्याच्या बाराव्या कलमात दोन गोष्टी अजून शिल्लक आहेत आणि त्या आपण हाती धरल्या पाहिजेत. पहिली ही की, टंचाईच्या काळात लाभक्षेत्रातील प्रत्येक जमीनधारकाला शक्यतो किमान एक एकर भिजेल एवढे पाणी दिले पाहिजे. दुसरी ही की, एका खोऱ्यातील सर्व धरणांत ऑक्टोबरअखेर वापरण्याजोग्या पाण्याचे प्रमाण जवळपास सारखे राहील असे नियंत्रण झाले पाहिजे, म्हणजे दुःख सर्वांनी सारखे वाटून घेतले पाहिजे. या दुसऱ्या तरतुदीच्या बळावरच मराठवाड्याने गोदावरीच्या वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी मागितले. जे तत्त्व धरणाधरणांत लागू होते ते एका नदीच्या काठावर शहर, कारखाना आणि शेत यांच्यात का लागू होऊ नये?

शहराचा हिशेब

येथे शहराच्या बाजूने एक रास्त प्रश्न विचारला जाईल. चिखली, कुदळवाडी, मोशी, तळवडे येथे राहणारा कामगार काही कोणी जमीनदार नाही. तो बीडहून, लातूरहून, धाराशिवहून, सोलापूरच्या दुष्काळी तालुक्यांतून आलेला आहे. पुष्कळदा पाणी नव्हते म्हणूनच तो गाव सोडून आला. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, साठीच्या दशकात औद्योगिक वसाहत आली, १९९७ साली चिखलीसह काठावरची गावे महापालिकेत आली, आणि गहू-ज्वारीच्या रानांत खोल्या उभ्या राहिल्या. त्या खोल्यांतील बाईने हंडा घेऊन कोठे जावे? नोव्हेंबर २०१९मध्ये या शहरात दिवसाआड पाणी देण्यास सुरुवात झाली आणि पुढे तीच रीत होऊन बसली. तिला शेतकऱ्याच्या विरुद्ध उभे करण्याचा प्रयत्न होतो आहे, आणि हा प्रयत्न हाणून पाडणे हे आपले पहिले कर्तव्य आहे.

म्हणून थोडी आकडेमोड करू. माणशी १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे मान्य माप धरले, तर चिखलीच्या केंद्रातील १० कोटी लिटर पाण्यात सुमारे ७ लाख ४० हजार माणसांची रोजची गरज भागते. वर्षाला हे पाणी ३ कोटी ६५ लाख घनमीटर होते. पाटाने भिजविलेल्या उसाला एकरी सुमारे १० हजार घनमीटर लागतात असे धरले, तर हे ३६५० एकर उसाचे पाणी झाले. रब्बीच्या गव्हा-भाजीपाल्याला एकरी ३ हजार घनमीटर धरले, तर ते १२ हजार एकरांचे पाणी झाले. म्हणजे एका बाजूला साडेसात लाख माणसांचे पिणे आणि दुसऱ्या बाजूला १२ हजार एकरांची रब्बी. दोन्हीही मोठ्या गोष्टी आहेत. एकीसाठी दुसरी सहज पुसून टाकावी अशी यांतील कोणतीही नाही.

पण हिशेब येथे संपत नाही. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे आठ दशांश पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, हे अभियंत्यांचे नेहमीचे गृहीत आहे. म्हणजे १० कोटी लिटरांतले ८ कोटी लिटर पाणी नष्ट होत नाही, घाण होते. ते जर खरोखर शुद्ध होऊन परत वापरात आले, तर वर्षाला २ कोटी ९२ लाख घनमीटर पाणी पुन्हा हाती येईल. त्यात साडेनऊ हजार एकरांहून अधिक रब्बी भिजेल.

यावर कोणी म्हणेल की, हे सांडपाणी चिखलीच्या खाली नदीला मिळते, वरच्या अंगाच्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग? हरकत बरोबर आहे, आणि तिचे उत्तर अदलाबदलीत आहे. भोसरी, तळवडे, चाकण येथील कारखाने थंड करण्यासाठी, धुण्यासाठी, बागांसाठी धरणाचे शुद्ध पाणी वापरतात. ते काम शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर होऊ शकते. औद्योगिक वसाहतींनी असे पाणी वापरावे हे धोरण राज्य शासनाने २०१७ साली स्वीकारलेही आहे. कारखान्याने सांडपाणी घेतले की त्याच्या नावावरचे धरणाचे तेवढे पाणी मोकळे होते, आणि ते वरच्या अंगाच्या परवानाधारकांच्या खात्यावर जमा करता येते. शेतकऱ्याच्या परवान्याला कात्री लावण्यापूर्वी ही अदलाबदल पूर्ण झाली का, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला गेला पाहिजे.

आज परिस्थिती याच्या अगदी उलट आहे. आळंदीच्या घाटावर इंद्रायणी फेसाने पांढरी झालेली दर वर्षी महाराष्ट्र पाहतो. वारकऱ्यांच्या स्नानासाठी हळहळ व्यक्त होते आणि ती योग्यच आहे. परंतु त्याच घाटाखाली ज्यांच्या मोटारी आहेत त्यांचे काय? त्यांचा परवाना शाबूत आहे, नदीला पाणीही आहे, पण ते भाजीला घालण्याजोगे नाही. परवाना रद्द न करता पाणी काढून घेण्याची ही रीत आहे. तिची नोंद कोणत्याही कपातीच्या तक्त्यात होत नाही.

आपल्या घरातील प्रश्न

आता जे बोलायचे ते आपल्याच माणसांशी. नदीकाठचा शेतकरी हा एकसंध वर्ग आहे, असे समजणे ही स्वतःची फसवणूक आहे. काठावर पाच-सहा मोठे बागायतदार असतात, त्यांची मोटार दमदार असते, त्यांची जलवाहिनी लांब जाते, आणि त्यांचा ऊस बारा महिने पितो. त्यांच्या शेजारी एक-दीड एकरवाले तीस-चाळीस असतात. आणि त्या सर्वांच्या रानांत राबणारा भूमिहीन मजूर असतो, ज्याच्या नावावर परवाना नाही आणि म्हणून ज्याच्या कपातीची चर्चाच होत नाही. शासनाने सर्वांना सारखी टक्केवारी लावली की वरून ती समता दिसते. ती समता नव्हे.

एक उदाहरण घेऊ. समजा, दोन बंधाऱ्यांमधील टप्प्यात ४० परवाने आहेत. त्यांतील पाच जणांचा प्रत्येकी आठ एकर ऊस आहे आणि ३५ जणांचा प्रत्येकी एक एकर गहू-भाजीपाला आहे. वरील मापांनी उसाला ४ लाख घनमीटर आणि छोट्यांना १ लाख ५ हजार, असे एकूण ५ लाख ५ हजार घनमीटर पाणी लागते. यात २० टक्के, म्हणजे सुमारे १ लाख घनमीटर, कपात आली. ती सरसकट लावली तर मोठा शेतकरी आठाऐवजी साडेसहा एकर ऊस ठेवील आणि वर्ष निभावील. छोट्याच्या तीन हजारांतले सहाशे घनमीटर गेले की त्याची शेवटची पाळी गेली. दाणा भरण्याच्या वेळी पाणी नाही, म्हणजे पीकच नाही. त्याचे नुकसान २० टक्के नसते, जवळजवळ सगळे असते.

आता दुसऱ्या रीतीने पाहू. पाच मोठ्यांनी प्रत्येकी तीन एकर ऊस मोडून तेथे रब्बी पीक घेतले, तर एकरी ७ हजार घनमीटर वाचतात. पंधरा एकरांत १ लाख ५ हजार घनमीटर वाचले. संपूर्ण कपात तेथेच भरून निघाली. एकही एकर कोरडा राहिला नाही, एकाही छोट्याची पाळी चुकली नाही. मोठ्याला उसाच्या जागी गहू घ्यावा लागला एवढेच. हे करायला ना नवे धरण लागते, ना जागतिक बँकेचे कर्ज लागते. गावाने एकत्र बसून ठरवावे लागते, आणि नेमके तेच सर्वांत कठीण आहे.

कठीण आहे, अशक्य नाही. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम थोडके होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, घरातील माणसांच्या प्रमाणात, माणशी अर्धा एकर आणि त्यालाही कमाल मर्यादा. उसासारखी पिके नाहीत. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. नायगावचा शेतकरी काही देवदूत नव्हता. नियम आधी ठरले, सर्वांच्या देखत ठरले आणि सर्वांना सारखे लागू झाले, म्हणून त्याने ते पाळले. पुढे १९७९ साली देऊस्कर, दत्ता देशमुख आणि वि. म. दांडेकर यांच्या समितीने कालव्यांचे पाणी बारमाहीऐवजी आठमाही पिकांना देऊन अधिक शेतकऱ्यांपर्यंत पोचविण्याचा विचार मांडला. सांगली जिल्ह्यातील आटपाडीच्या दुष्काळी भागात श्रमिक मुक्ती दलाने समन्यायी पाणीवाटपाची चळवळ चालविली. म्हणजे विचार आपल्याजवळ आहे, अनुभवही आहे. नदीकाठच्या उपसा परवान्यांना मात्र तो आजवर कोणी लावला नाही.

परदेशातील एक दाखला

परवान्यांतील कपात हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. इंग्लंडमध्ये १९६३च्या कायद्याने उपसा परवान्यांची पद्धत आली. त्यांतील पुष्कळ परवाने मुदतीविना होते, आणि पूर्वेकडील कमी पावसाच्या परगण्यांत नद्या आटू लागल्या. २०२१च्या पर्यावरण कायद्याने तेथे ठरले की, नदीची हानी टाळण्यासाठी असे परवाने १ जानेवारी २०२८पासून भरपाई न देताही कमी करता येतील. भरपाई नाकारणारी ही तरतूद कठोरच आहे, आणि तिचे अनुकरण करावे असे आम्ही म्हणणार नाही. पण दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. कपातीची तारीख सहा वर्षे आधी कायद्यात लिहिली गेली, आणि शेतकऱ्याला बदलण्यास अवधी मिळाला. शिवाय सफोक परगण्यात शेतकऱ्यांनी आपले गट करून समुद्रात वाया जाणारे निचऱ्याचे पाणी नळाने शेतांकडे वळविले. तेथे कापलेले पाणी निदान नदीत राहावे हा हेतू आहे. आपल्याकडे शेतकऱ्याचे कापलेले पाणी नदीतही राहत नाही, ते दुसऱ्याच्या नळात जाते. मग ज्याच्या नळात ते जाते त्याने त्याची किंमत का मोजू नये?

आमची मागणी

या विवेचनातून ज्या मागण्या निघतात त्या स्पष्ट शब्दांत मांडल्या पाहिजेत.

पहिली मागणी वेळेची. दर वर्षी ऑक्टोबरअखेर, रब्बीची पेरणी पुरी होण्यापूर्वी, पवना, आंद्रा आणि भामा या तिन्ही धरणांतील साठा, शहराचा व उद्योगाचा वाटा आणि उपसा सिंचनासाठी उरलेले पाणी यांचा तक्ता गावोगावच्या चावडीवर लागला पाहिजे. त्यानंतर हंगामाच्या मध्यात उपसाबंदी आली तर ती शासनाची चूक धरून उभ्या पिकाची भरपाई मिळाली पाहिजे.

दुसरी मागणी क्रमाची. कपात आधी कारखान्यांच्या बिगर-पिण्याच्या वापरात, मग शहरातील तरणतलाव, बागा आणि मोटारी धुण्याच्या पाण्यात, मग बारमाही पिकांत, आणि सर्वांत शेवटी एक-दोन एकरांच्या हंगामी पिकात, हा क्रम लेखी असला पाहिजे. माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याच्या पाण्याला कोणीही हात लावता कामा नये. ते शहरातले असो की खेड्यातले.

तिसरी मागणी संघटनेची. एकेकट्या परवानाधारकाने कार्यालयाचे उंबरे झिजविण्याऐवजी दोन बंधाऱ्यांमधील टप्प्याच्या उपसा सिंचन पाणीवापर संस्था स्थापन झाल्या पाहिजेत. शेतकऱ्यांकडून सिंचनाच्या व्यवस्थापनाच्या २००५च्या कायद्यात त्याला वाव आहे. टप्प्याला मोजून पाणी मिळावे आणि आतली वाटणी संस्थेने करावी. वाटणीत प्रत्येक धारकाला किमान एक एकराचे पाणी आधी, उरलेले नंतर, आणि भूमिहीन कुटुंबालाही वाटा, हे नियम असावेत. अर्थात मोजणी फक्त शेतकऱ्याच्या मोटारीची नको. रावेत, निघोजे आणि औद्योगिक वसाहतीच्या उपशावरचे आकडेही त्याच चावडीवर लागावेत.

चौथी मागणी किमतीची. परवाना कमी झाल्यामुळे ठिबक बसवावे लागले, पीक बदलावे लागले, किंवा एक हंगाम रान पडीक ठेवावे लागले, तर त्याचा खर्च पाणी घेणाऱ्याने उचलावा. तो खर्च कामगाराच्या घरपट्टीवर टाकू नये, उद्योगाच्या पाणीपट्टीवर टाकावा. आणि धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, ज्यांतील अनेक कुटुंबे पर्यायी जमिनीसाठी दशकानुदशके वाट पाहत राहिली, त्यांचा प्रश्न यात सर्वांत आधी सुटला पाहिजे. ज्यांनी पाण्यासाठी घर दिले त्यांनाच पाण्याची बंदी, हा अन्याय कोणत्याही आराखड्यात बसविता येणार नाही.

पाचवी मागणी नदीची. वरील चार गोष्टी लेखी झाल्याखेरीज, आणि पात्रात बारमाही किती प्रवाह राहील याची हमी कायद्याने मिळाल्याखेरीज, कोणतीही बंद जलवाहिनी पुढे सरकता कामा नये. नळाला आमचा विरोध नाही. नळातून गळती कमी होते, पाणी स्वच्छ राहते, हे खरे आहे. पण पाणी नळात गेले की काठावरच्या माणसाला ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचा हिशेब मागता येत नाही.

या मागण्या घेऊन कोणी उभे राहायचे? शेतकरी संघटना एकट्या उभ्या राहिल्या तर शहर त्यांना तहानेचे शत्रू ठरवील. कामगार संघटना एकट्या उभ्या राहिल्या तर गाव त्यांना पाणी पळविणारे म्हणेल. कारखान्याच्या पाळीवर जाणारा चिखलीतील तरुण आणि मावळात त्याच्याच वयाचा नदीकाठचा शेतकरी यांच्यात आज पाण्यावरून जे अंतर पाडले जात आहे ते एका बैठकीने मिटणार नाही. पण बैठक झालीच नाही तर ते कधीच मिटणार नाही. म्हणून कामगार वस्त्यांतील आणि नदीकाठच्या गावांतील आपल्या कार्यकर्त्यांनी येत्या ऑक्टोबरपूर्वी एकत्र यावे, दोन्हीकडचा हिशेब एकाच कागदावर मांडावा आणि तोच कागद घेऊन दोघांनी मिळून कार्यकारी अभियंत्याच्या आणि आयुक्तांच्या दारी जावे. धरणाचा साठा जाहीर करा, ही मागणी दोघांचीही आहे. सुरुवात तेथून करता येईल.